बँडकडे पाठ करून

४ फेब्रुवारी, मंगळवार

मिळाली परवानगी! आणि मिळाल्या मिळाल्या डोक्याला ताप.

आयोजकांच्या ऑफिसातला तो माणूस — गळ्यात हे एवढं ओळखपत्र, बहुतेक झोपतानाही काढत नसावा — मला विचारतो, "पण मॅडम, ज्यांना ऐकूच येत नाही ते हेवी मेटलच्या कार्यक्रमाला येऊन करणार काय?" म्हटलं, "बाकीचे करतात तेच. उड्या मारतील, घसा फोडतील आणि निघताना गाडी कुठे लावली ते विसरतील." हसला नाही. गळ्यात ते लटकवलं की हसायला बंदी असेल.

तीन महिने चिकटून बसले होते या माणसाला. गाण्याच्या कार्यक्रमाला खुणांच्या भाषेचा दुभाषी लागतो, हे त्याला पटवता पटवता नाकी नऊ आले. पण इलाज नव्हता. शेवटचा दौरा आहे त्या बँडचा. आमच्या शहरात एकच कार्यक्रम, १५ मार्चला. मग ते चौघे म्हातारे आपापल्या घरी, आणि संपलं. माझ्या बहिऱ्या दादाने उभं आयुष्य ही गाणी छातीने ऐकली. शब्द मात्र त्याला कधी धड मिळाले नाहीत. मी सांगितले ते तुकडे, तेही जमेल तेव्हा, जमेल तसे. एकदा, फक्त एकदा, ती गाणी समोर वाजत असताना त्याला शब्दांसकट मिळाली पाहिजेत. मला दुसरं काही नको.

दादाला व्हिडिओ कॉल केला. त्याने मूठ छातीवर दोनदा आपटली. हे त्याने त्या बँडचं ठेवलेलं नाव, शाळेत असल्यापासूनचं. मग पहिला प्रश्न — "तू कुठे उभी राहणार?"

"स्टेजच्या कडेला. बँडकडे पाठ करून."

"म्हणजे तुला ते दिसणारच नाहीत!"

"नाहीत."

हसत सुटला. वहिनीला बोलावून तिलाही सांगितलं. दोघं हसतायत. मूर्ख!

६ फेब्रुवारी, गुरुवार

एकटीने दोन तास हात चालवता येत नाहीत. आधी बोटं जातात, मग डोकं. म्हणून दुभाषी दोन लागतात, आळीपाळीने. आणि या शहरात धड दुभाषी आहेतच दोन. एक मी. दुसरा इस्त्री.

हे नाव मीच ठेवलंय, त्याला माहीत नाही. शर्टाला सुरकुती नाही, केसाला केस चिकटलेला, बोलणं नियमाला धरून. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी म्हातारा. आज भेटला. "ताई, मी हे संगीत कधी ऐकलेलं नाही. पण तयारी करेन." घ्या! मी ज्या बँडपायी बारावीत एक वर्ष घालवलं, त्याची हा तयारी करणार, विमा कंपनीच्या बैठकीची करतो तशी.

पहिलं भांडण तिथेच. गिटारचा लांब तुकडा असतो तेव्हा काय करायचं? तो म्हणतो, शब्द नसतील तिथे हात खाली. मी म्हटलं, "आणि आमच्या माणसांनी तोवर काय करायचं? घड्याळ बघायचं?" तो म्हणाला, "ताई, नियम तसा आहे." नियम!

९ फेब्रुवारी, रविवार

दादाकडे गेले सरावाला. भट्टीचं गाणं घेतलं — त्यांचं सगळ्यात लांब, आणि माझ्या मते सगळ्यात भारी. गाव उठून गेलंय, माणसं गेली, कुत्रीसुद्धा गेली, आणि एकटा म्हातारा भट्टी विझू देत नाही. कोळसा टाकतोय, टाकतोय. का, ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. हे हातांवर आणायला मला चार दिवस लागले.

खुर्चीत दादा, समोर मी. दोन ओळी झाल्या आणि याचं सुरू — "मागे जा." गेले. "अजून मागे." मागे स्वयंपाकघराचं दार. "अजून." शेवटी दार उघडून बाहेर! शेजारीण बघते तर मी जिन्यात एकटी उभी, हवेत कोळसा टाकतेय. तिने दार लावून घेतलं. आणि दादा आतून अंगठा दाखवतोय — आता बरोबर.

लांबून बघायचं म्हणे! शिक्षक लागून गेलाय! लहानपणी वरच्या मजल्यावरचा एक कॉलेजवाला हीच गाणी लावायचा. अख्खी इमारत त्याला शिव्या द्यायची. दादा मात्र जिन्याच्या कठड्याला पाठ टेकून बसायचा, डोळे मिटून. मला वाटायचं, दमला बिचारा. एकदा त्याने मला ओढून माझी पाठ कठड्याला लावली. तेव्हा कळलं. लोखंडातून ढोल थेट बरगड्यांत येत होता. त्या दिवसापासून मी त्यांची. तोही. म्हणजे याला जितकं जवळ तितकं चांगलं, असा माणूस हा! आणि आज म्हणतो मागे जा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर दवाखान्यात, दुभाष्याच्या कामाला. सकाळी मूतखडा, दुपारी गुडघे, संध्याकाळी परत मूतखडा. भट्टीला हातही लावला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज दादाने माझा अपमान केला. सरळ लिहून ठेवते.

"हात लहान कर," म्हणाला. "तू पसरतेस."

मी पसरते! माझे हात मोठे आहेत, आईवर गेलेत. मी बोलते ते शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळतं. बहिऱ्यांच्या शाळेतली मुलं मुद्दाम माझ्यासमोर येऊन बसतात. आणि हा सांगतो, छातीएवढ्या चौकोनात बोल. मी म्हटलं, भट्टीचं गाणं चौकोनात बसत नाही. तर म्हणतो, "तो मुलगा बघ. खिशाएवढ्या जागेत बोलतो. स्वच्छ."

"कोण मुलगा?"

त्याने कॉलर ताठ केल्याची खूण केली. इस्त्री!

"तू त्याला कुठे बघितलंस बोलताना?"

"बघितलं कुठेतरी."

मी कप त्याच्या कोपराजवळ ठेवला होता. हात फिरवला आणि उडवला त्याने. चहा पडद्यांच्या कापडावर, वहिनीच्या ऑर्डरीवर. ती पुसत पुसत मलाच म्हणते, "तिथे कशाला ठेवलास?" म्हणजे सांडणारा हा, आणि बोलणी मला! भावजय झाली म्हणून काय झालं, न्याय काही आहे की नाही?

परत आले तर नवरा म्हणाला, "पन्नाशीनंतर माणसं अशीच होतात." त्याला त्रेपन्न पूर्ण झालीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

इस्त्रीला विचारलं. सरळ. "माझ्या भावासाठी दुभाष्याचं काम केलंस का तू?"

"ताई, ते मी सांगू शकत नाही."

म्हणजे केलंय! आमच्या कामात एकच मोठा नियम — आतलं बाहेर न्यायचं नाही. कुणासाठी, कुठे, काय बोललो, कुणाला सांगायचं नाही. मीही पाळते. समोरच्या बाईला कॅन्सर झाला तेव्हा तिच्यासोबत डॉक्टरकडे मीच होते आणि घरी माझ्या नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नाही. नियम बरोबर आहे. पण माझ्याच भावाच्या बाबतीत माझ्याच तोंडावर फेकायचा?

आणि दादा! कळायला लागल्यापासून त्याचं प्रत्येक काम मी केलं. त्याची नोकरी, त्याचं लग्न ठरवणं, त्याचं घरमालकाशी भांडण — बोलणारी मी. माझ्या परीक्षा बुडवून मी त्याच्याबरोबर गेलेय. आणि आता कुठेतरी तो या इस्त्रीला घेऊन जातो. कुठे? बँकेत? वकिलाकडे? मला का नाही? तिळपापड झालाय नुसता. वहिनीला विचारलं तर म्हणे, "त्यालाच विचार." त्याला विचारणार नाही. माझा मान आहे काही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हद्द झाली!

ओळखपत्राने आज मैदानाचा नकाशा दाखवला. आमच्या लोकांची जागा पुढे, कठड्याला लागून, स्पीकरसमोर. छान. आणि दुभाष्याचा चौथरा? तो नाही तिथे! तिरका, खूप लांब, स्टेजच्या पार टोकाला, उंचावर. मी म्हटलं, "हे कुणी ठरवलं?" म्हणे, "तुमच्या सहकाऱ्यांनीच कळवलं, मॅडम. लांब हवा, उंच हवा, वर पांढरा दिवा हवा, मागे काळा पडदा हवा."

मला न विचारता! मी तीन महिने हातापाया पडून जागा मिळवली, आणि याने एका फोनवर मला पिटाळलं टोकाला.

फोन केला. "का केलंस?"

"तिथून जास्त चांगलं दिसेल, ताई."

"कुणाला?"

म्हणतो, "प्रेक्षकांना."

"प्रेक्षक मला माहीत आहेत. निम्म्यांना मी लहानपणापासून ओळखते. त्यांना जवळ हवंय. बोटं दिसली पाहिजेत, चेहरा दिसला पाहिजे."

"ताई, एकदा माझं ऐका—"

ठेवला फोन.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जिंकले!! चौथरा पुढे आला. कठड्यापासून हात लांब केला तर पहिल्या रांगेतला माणूस मला शिवेल, इतका. ओळखपत्र म्हणाला, "मॅडम, तुम्ही दोघं आधी आपसांत ठरवत जा हो." बरोबर आहे त्याचं. दिवा आणि काळा पडदा मात्र राहू दिला, तेवढं इस्त्रीला समाधान.

त्याने नवीन नकाशा बघितला. कपाळावर आठी पडली! पहिल्यांदाच बघितली मी.

२ मार्च, रविवार

दादाला सांगायला धावत गेले. "पहिली रांग! आणि मी तुझ्या नाकासमोर!"

"छान," म्हणाला. कुणी आणलेला शर्ट अंगाला होत नाही तेव्हा म्हणतो ना आपण, तसं.

मग विचारतो, मागच्या बाजूला जागा नाही का मिळणार? ध्वनियंत्रणेचा तंबू असतो तिथे? मी म्हटलं, "तिथून ढोल छातीत येणार नाही. तुला तोच हवा होता ना? जिन्याच्या कठड्याला पाठ लावून बसणारा तू!" तर खांदे उडवले. वहिनी मध्ये पडली, "जाऊ दे, ती एवढी धडपडतेय." म्हणजे माझ्यावर उपकार म्हणून येणार हे दोघं!

जिना उतरताना रडू आलं. राग आला की रडू येतं मला, लहानपणापासून.

५ मार्च, बुधवार

पास द्यायला दादा काम करतो त्या छापखान्यात गेले. मोठ्या मशीनवर नव्हताच तो. त्या मशीनसाठी तो जीव टाकतो. म्हणतो, हे यंत्र आणि त्या बँडचा ड्रमर एकाच आईची लेकरं. आणि आज बघते तर हा कोपऱ्यातल्या टेबलावर, खिडकीखाली, कागदाचे गठ्ठे बांधतोय! मी गेले तडक सुपरवायझरकडे. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला गठ्ठे बांधायला बसवता? बोलता येत नाही म्हणून? असं आणि तसं. सगळा छापखाना बघतोय.

सुपरवायझर भला माणूस. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, "बाई, त्यांनीच मागून घेतलं. मी नको नको म्हणत होतो."

तोंडात मारल्यासारखी परत आले. दादाला खुणेने विचारलं, का? म्हणाला, "कंटाळा आला." कंटाळा! त्याला!

मी निघताना बाजूने हात हलवला. बघितलंसुद्धा नाही.

८ मार्च, शनिवार

इस्त्रीबरोबर शेवटचा सराव, शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये. मान्य करायला जड जातंय, पण तयारी केलीय पठ्ठ्याने. सगळी गाणी पाठ. भट्टीच्या गिटारच्या तुकड्यात हात खाली न ठेवता धूर वर जाताना दाखवला. चांगला होता. "नियमाचं काय झालं?" विचारलं. म्हणाला, "ऐकून ऐकून आवडायला लागलं, ताई." मी हसले. तोही हसला. वाटलं, उगाच गैरसमज करून घेतला आपण.

आणि मग! "ताई, एक विचारू? सगळा कार्यक्रम मी केला तर? तुम्ही दादांजवळ थांबा. तिथूनच त्यांना सांगा. तुमचं नाव राहील, काही बदलणार नाही."

बघा! म्हणजे चौथऱ्यावर हा, दिव्याखाली हा, आणि मी गर्दीत. मी म्हटलं, "वीस वर्षं मी लोकांचे मूतखडे आणि घटस्फोट हातांनी बोलले. आता कुठे एक गाणं मिळालंय. तेही तुला हवंय?"

"तसं नाही हो—"

"मग कसं? सांग ना."

त्याने बॅग उचलली. गेला.

११ मार्च, मंगळवार

नवऱ्याने माझ्यासाठी काळा शर्ट आणला. एक माप मोठा. बदलून आणते म्हटलं तर रुसला.

१४ मार्च, शुक्रवार

मैदानावर आवाजाची चाचणी. बँड नव्हता, त्यांची माणसं होती. एकाने नुसता मोठा ड्रम वाजवला आणि चौथऱ्याची फळी तळपायातून गुडघ्यापर्यंत आली. तिथेच डोळे भरले. उद्या हे दादाला मिळणार, आणि वर शब्द.

दादाला म्हटलं होतं, चाचणीला ये, जागा बघून ठेव. नाही आला. संध्याकाळचं बाहेर पडायचं नाही म्हणे. उद्याचा कार्यक्रम काय सकाळी आहे?

आमच्या लोकांना फुगे हवे होते. हातात फुगा धरला की आवाज बोटांत येतो. ओळखपत्र म्हणाला, फुगे चालणार नाहीत, सुरक्षेचा प्रश्न. तासभर घासाघीस. शेवटी चालतील म्हणाला, पण एकाच रंगाचे. का, ते देव जाणे.

१५ मार्च, शनिवार

निघते. हात गार पडलेत.

१६ मार्च, रविवार

काल लिहिण्याच्या स्थितीत नव्हते. आजही नाही. पण पोटात ठेवलं तर आजारी पडेन.

आमचे तीसएक लोक. सगळ्यांच्या हातात पांढरे फुगे. दादा-वहिनी पहिल्या रांगेत, बरोबर माझ्यासमोर. दादाने वहिनीचं कोपर असं घट्ट धरलेलं की मला हसू आलं. लग्नातसुद्धा धरलं नव्हतं. दिवे गेले, गर्दी ओरडली, आणि माझ्या पाठीमागे ते आले. मला दिसले नाहीत. पण वीस हजार लोकांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं ते आले. पहिला ठोका पडला आणि आमच्या लोकांचे फुगे थरथरले.

पहिलं गाणं मी घेतलं. जीव ओतला. आमची माणसं उड्या मारतायत, शब्द हातांनी माझ्याबरोबर म्हणतायत. आणि दादा? मान इकडे, मान तिकडे. माझ्या उजव्या हाताकडे बघतो, मग डावीकडे, मग तोंडाकडे, परत हाताकडे. कपाळाला आठ्या. गणित चुकल्यासारखा चेहरा. मी त्याच्याकडे बघून बोलतेय आणि हा माझ्या नजरेला नजर देत नाही.

दुसरं गाणं सुरू झालं आणि त्याने पाठ फिरवली.

मला! पाठ! वहिनीला घेऊन निघाला मागे. लोकांना धक्के देत, एकाच्या हातातलं पेय सांडवत, त्याच्या शिव्या खात — ऐकू कुठे येतायत म्हणा. मी ओळ बोलतेय आणि बघतेय, तो जातोय. थांबला. वळून बघितलं. अजून मागे. परत वळला. परत मागे. दिव्यांचा झोत फिरला की दिसायचा, नाहीतर नाही. शेवटी त्या तंबूपाशी जाऊन उभा राहिला, जिथे जायचं त्याने आधीपासून ठरवलं होतं. ढोल नको, बहीण नको, लांबून बँड बघायचा. आणि मी हात थांबवू शकत नव्हते. बाकी तीस माणसं माझ्याकडे बघत होती.

माझ्या पाळीत इस्त्रीने समोर खाली बसून मला ओळ द्यायची असते, अडखळले तर. हा सारखी मान वळवून मागे गर्दीत बघतोय! तिसऱ्या गाण्यात मी एक ओळ गाळली, त्याच्यामुळे. नंतर म्हणतो, "सॉरी ताई, लक्ष गेलं."

त्याच्या पाळीत मी खाली बसले तेव्हा मला बँड दिसला. एवढाच. गाणारा उंच स्टुलावर बसून गातो आता. वरच्या पट्टीला आवाज पोचत नाही, तिथे माइक गर्दीकडे धरतो, आणि गर्दी ती पट्टी लावते. हात कापतो त्याचा. ड्रमर मात्र अजून तसाच, दंडांचे दोरखंड झालेत. छान होते ते. मला धड आनंद झाला नाही. डोकं सगळं तंबूपाशी.

भट्टीचं गाणं शेवटून दुसरं. माझं. केलं मी, आणि मोठे हात करून केलं, मुद्दाम! पसरले! पुढची एक कॉलेजातली मुलगी फुगा पोटाशी धरून हमसून रडत होती. कुणाला तरी मिळालं. ज्याच्यासाठी केलं तो तेवढा नव्हता.

संपल्यावर गेटपाशी दादा भेटला. डोळे लाल. खूण केली, "सुंदर."

"काय सुंदर? होतास कुठे तू?"

"मागे."

"मागून काय दिसतं?"

"सगळं," म्हणाला. आणि हसला! मी तोंड फिरवलं आणि नवऱ्याच्या गाडीत जाऊन बसले. तो काचेवर टकटक करत होता, थोडा वेळ. मी बघितलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

दादाचे दोन कॉल. घेतले नाहीत. त्याची बडबड मला नको, आणि माझी त्याला नकोच होती.

इस्त्रीचा फोन. "ताई, दादांशी बोललात का?" मी म्हटलं, "आमच्या घरात नाक खुपसू नकोस. तुला माहीत तरी काय आहे आमच्याबद्दल?" तो म्हणाला, "बोला त्यांच्याशी. एवढंच सांगू शकतो मी." साधू-संतासारखा! यापुढे त्याच्याबरोबर एकही काम घेणार नाही. कोर्टाचं आलं तरी नाही.

काळा शर्ट धुऊन आत टाकला.

२० मार्च, गुरुवार

गुडघे, पाठ, एक पालकसभा. हात दुखतात.

नवरा म्हणतो, "मोठा भाऊ आहे, जाऊ दे." जाऊ देणार नाही. तीन महिने मी त्या ओळखपत्राची मनधरणी केली. आयुष्यात एकदा ते चौघे माझ्यापासून दहा पावलांवर वाजवत होते आणि मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. कुणासाठी? आणि त्याने काय केलं? तो बँड बघायला गेला, मला सोडून! मागायला आला असता तर मीच त्याला लांबची जागा काढून दिली असती. मागितली होती म्हणा त्याने. पण नीट सांगायचं ना, का ते!

२३ मार्च, रविवार

वहिनी आली होती. एकटी. दादाला न सांगता.

काचबिंदू. दोन्ही डोळे. दोन वर्षं झाली. कडेकडेने गेलंय सगळं, मधलं तेवढं उरलंय. वहिनीने मुठीची नळी करून डोळ्याला लावली, एवढंच दिसतं म्हणाली. तेही फार दिवस नाही. डॉक्टरकडे इस्त्रीला नेत होते. मला कळू द्यायचं नाही, हे दादाने दोघांना बजावलेलं. म्हणे, "ती चौथरा सोडून माझ्या शेजारी येऊन उभी राहील. जन्मभर तेच केलंय तिने."

मी विचारलं, "मग मागे का गेला? बँड बघायला?"

वहिनी म्हणाली, "जवळून तुझा एकच हात दिसत होता त्याला. तू अख्खी दिसेपर्यंत मागे मागे गेला. दिसलीस तिथे थांबला."

"आणि बँड?"

"बँड नाही बघितला त्याने."